संघ गेला तर कोण अडवील?

इ. स. १९११ हे साल कलकत्त्याच्या इतिहासात दोन घटनांमुळे कायमचे नोंदले गेले आहे. त्या वर्षीच्या २९ जुलैला मोहन बागानच्या खेळाडूंनी, बहुतेक सर्वांनी अनवाणी पायांनी खेळून, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाचा दोन गोल विरुद्ध एक असा पराभव केला आणि आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्यानंतर पुरते पाच महिनेही लोटले नव्हते, तोच १२ डिसेंबरच्या दिल्ली दरबारात बादशहांनी हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा केली. सरकार गेले, कचेऱ्या गेल्या, दप्तरे गेली आणि दप्तरांच्या मागोमाग कारकुनांची बिऱ्हाडेही गेली. फुटबॉल मात्र कलकत्त्यातच राहिला. तो हलविण्याचा हुकूम कोणत्याही दरबारातून निघू शकला नसता; कारण तो कोणाच्या दप्तरी जमाच नव्हता.

बदलीचे हुकूम हातात घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आपणां नोकरदारांना या घटनेतील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. काय हलवता येते आणि काय हलवता येत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. परंतु आज हाच प्रश्न एका निराळ्या क्षेत्रात उभा राहिला आहे. २०१४ साली आठ शहरांचे आठ संघ घेऊन सुरू झालेली इंडियन सुपर लीग २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तेरा संघांची झाली. वाढ होताना दर वेळी एकच वाद निघतो: पुढचा संघ कोणत्या शहराला द्यावा? कोणी लोकसंख्येचे आकडे पुढे करतो, कोणी क्रीडांगणाचे, कोणी धनिकाच्या थैलीचे. या वादाचा निकाल आकड्यांपेक्षा इतिहासाकडून अधिक चांगला लागेल, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपल्या देशात फुटबॉल आला तो शहरांच्या नावाने नव्हे, तर पलटणींच्या आणि कचेऱ्यांच्या नावाने. १८८८ साली सर मॉर्टिमर ड्युरँड या परराष्ट्र सचिवांनी सिमल्यात ड्युरँड स्पर्धा सुरू केली. सिमल्याला तेव्हा स्वतःचा असा फुटबॉल कुठून असणार? उन्हाळ्यात तेथे सरकार येई, म्हणून पलटणी येत आणि स्पर्धा होई. १९४० मध्ये ही स्पर्धा दिल्लीला आली, २०१९ मध्ये कलकत्त्याला गेली. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाचे सामने भरू लागले. तेथेही आरंभीची सारी नावे गोऱ्या पलटणींचीच आहेत, आणि तो चषक प्रथमच हिंदी संघाच्या हाती गेला तो १९३७ मध्ये, बंगळूरच्या ‘बँगलोर मुस्लिम्स’ या संघाकडे. १९४१ पासून सुरू झालेल्या संतोष चषकात प्रांताप्रांतांचे संघ खेळू लागले. पण त्यांच्या जोडीला रेल्वे आणि सेनादल हेही दोन संघ उतरत राहिले. ज्यांना स्वतःचे असे एक गाव नाही, त्यांनाही प्रांतांच्या पंक्तीत पाट मांडून बसविणारी ही स्पर्धा आपल्यासारख्यांना विशेष जवळची वाटावी.

पण पलटणी निघून गेल्या तेव्हा काही शहरांत खेळ उरला आणि काही शहरांत उरला नाही. सिमल्यात उरला नाही, कलकत्त्यात उरला. हा फरक कशाने पडला? कलकत्त्यात १८८९ चा मोहन बागान होता, १८९१ चा मोहमेडन स्पोर्टिंग होता, १९२० चा ईस्ट बंगाल होता. आणि या क्लबांच्या मागे पाडे होते, जमाती होत्या, पुढे फाळणीने निर्वासित झालेली लक्षावधी माणसे होती. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. १८९८ पासून चालत आलेल्या त्या लीगमध्ये अव्वल ठरलेला हा पहिला हिंदी क्लब. त्या यशाचा आनंद ज्यांनी साजरा केला, त्यांना तो आपला स्वतःचा उत्कर्ष वाटला. शहराचा संघ म्हणतात तो याला.

या दृष्टीने हैदराबादची हकीकत फार बोलकी आहे. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस या संघाला असे घडविले की, १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स चषक त्या संघाकडेच राहिला. हेच रहीमसाहेब राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथे स्थान मिळाले; तेथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. १९६२ साली जाकार्ता येथे प्रतिकूल प्रेक्षकांच्या गदारोळात भारताने दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळविले. कर्करोगाने जर्जर झालेले रहीमसाहेब पुढच्याच वर्षी निवर्तले. त्यांच्यानंतर हैदराबादचा खेळ हळूहळू ओसरत गेला. सिकंदराबादजवळचा तुलसीदास बलराम कलकत्त्याला गेला, मागाहून मोहम्मद हबीबही गेला. मुलगा गुणी निघाला की त्याने गाव सोडायचे, हा क्रम पडला. गावात गुण होता, पण गुणाला भाकरी देणारा क्लब पोलीसखात्यापलीकडे उभा राहिला नव्हता. खात्याचा उत्साह मावळला, तेव्हा शहराजवळ नुसती आठवण उरली.

आता लीग वाढवायची कशी, याच्या जगात मुख्यतः दोन रीती आहेत. १८८८ साली, म्हणजे सिमल्यात ड्युरँड सुरू झाली त्याच वर्षी, इंग्लंडात बारा क्लबांनी मिळून पहिली फुटबॉल लीग स्थापन केली. त्यांतले सहा क्लब लँकेशायरचे आणि सहा मध्य इंग्लंडातले होते. साम्राज्याची राजधानी जे लंडन, त्याचा एकही क्लब त्यांत नव्हता! खेळ गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या गावांत रुजला होता, म्हणून लीगही तेथेच जन्मली; लंडनकडच्या वूलिच आर्सेनलला १८९३ पर्यंत थांबावे लागले. पुढे बढती आणि पदावनती यांचा नियम आला. जो जिंकेल तो वर चढेल, जो हरेल तो खाली उतरेल; शहर कोणते हा प्रश्नच कोणी विचारायचा नाही.

दुसरी रीत अमेरिकेची. तेथील मेजर लीग सॉकर १९९६ मध्ये दहा संघांनिशी सुरू झाली. तेथे बढती नाही. शहराने अर्ज करायचा, धनिकाने प्रवेशमूल्य भरायचे, क्रीडांगणाची हमी द्यायची, आणि मग लीगने निवड करायची. या रीतीने ती लीग तीस संघांपर्यंत वाढली हे खरे. पण चुका झाल्या त्याही मोठ्या झाल्या. फ्लॉरिडातील दोन संघ २००१ च्या हंगामानंतर बंदच करावे लागले. उलट, १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडला एक-शून्य असे हरवून जगाला चकित करणाऱ्या अमेरिकन संघातले अकरांपैकी पाच खेळाडू ज्या एका सेंट लुईस शहराने दिले, त्या शहराला लीगचे दार उघडले ते थेट २०२३ साली.

आपल्या सरकारी परिभाषेत सांगायचे, तर इंग्लंडची रीत ही खात्यांतर्गत बढतीची आणि अमेरिकेची रीत ही थेट नेमणुकीची. दोन्हींचे गुणदोष आपण कचेरीत नित्य पाहतो. बढतीने वर आलेल्याला काम ठाऊक असते, पण कधी कधी साधने नसतात. थेट नेमलेल्याजवळ साधने असतात, पण त्याला जागेचा जिव्हाळा असेलच असे नाही.

भारताने काय केले? १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. पहिले विजेतेपद कोणा महानगराला मिळाले नाही. ते मिळाले पंजाबातील फगवाडा या गावच्या जगतजित कापड गिरणीच्या संघाला. गिरण्या, बँका, तेल कंपन्या, विमान कंपन्या यांच्या संघांचा तो काळ होता. परंतु गिरणीचा संघ गिरणीच्या हिशेबवहीवर जगतो. महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता मुंबईचा संघ २०१० मध्ये विसर्जित झाला. फगवाड्याचा संघ २०११ मध्ये. २०१३ साली एअर इंडिया आणि ओ. एन. जी. सी. हे मुंबईचे दोन सार्वजनिक क्षेत्रातले संघ स्वतंत्र क्लबाच्या अटी पूर्ण करीत नाहीत म्हणून राष्ट्रीय लीगबाहेर गेले. अशा रीतीने कचेऱ्यांचा फुटबॉल संपत आला असताना २०१४ साली नवी लीग आली आणि तिने थेट नेमणुकीचा मार्ग पत्करला. कलकत्ता, चेन्नई, दिल्ली, गोवा, कोची, मुंबई, गुवाहाटी आणि पुणे येथे संघ दिले गेले. कलकत्त्यातही नवाच संघ निर्माण झाला. शतकाची परंपरा असलेले तिन्ही क्लब बाहेर उभे राहिले. त्यांपैकी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल २०२० मध्ये आत आले, मोहमेडन २०२४ मध्ये.

विस्ताराची पहिली मोठी संधी २०१७ साली आली. त्या वर्षीच्या मे महिन्यात नव्या संघांसाठी निविदा मागविल्या गेल्या आणि त्यांसाठी दहा शहरे ठरविण्यात आली: अहमदाबाद, बंगळूर, कटक, दुर्गापूर, हैदराबाद, जमशेदपूर, कलकत्ता, रांची, सिलिगुडी आणि तिरुवनंतपुरम. ही यादी वाचताना तारखेकडे लक्ष द्यावे. अवघ्या काही दिवसांपूर्वी, ३० एप्रिल २०१७ रोजी, ऐझॉल फुटबॉल क्लबाने देशाचे आय-लीग विजेतेपद मिळविले होते. ऐझॉलची वस्ती २०११ च्या जनगणनेप्रमाणे तीन लाखांच्या आत. ईशान्येकडील कोणत्याही क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तरीही दहा शहरांच्या यादीत ऐझॉलचे नाव नव्हते. एवढेच नव्हे, तर ईशान्येच्या आठ राज्यांतले एकही शहर नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला, तेव्हा भारताच्या एकवीस मुलांपैकी आठ एकट्या मणिपूरची होती, आणि विश्वचषकातला भारताचा पहिला गोल मणिपूरच्याच जीकसन सिंगने केला. खेळाडू द्यावेत ईशान्येने आणि संघ मिळावेत इतरांना, असा हा व्यवहार झाला.

न्यायाने बोलायचे, तर निविदेने केलेली निवड सर्वस्वी चुकली असे म्हणता येणार नाही. त्या वेळी बंगळूर आणि जमशेदपूर यांची निवड झाली, आणि दोन्ही योग्य ठरल्या. बंगळूरचा क्लब २०१३ मध्ये स्थापन होऊन पहिल्याच हंगामात आय-लीगचा विजेता झालेला होता. जमशेदपुरात तर टाटांची फुटबॉल प्रबोधिनी १९८७ पासून चालू होती. तेथल्या संघाने २०२१-२२ मध्ये साखळीत अव्वल क्रमांक मिळविला. म्हणजे निविदा तेथे फळली, जेथे जमीन आधीच नांगरलेली होती. शिवाय, नुसत्या प्रेमावरही क्लब जगत नाही. केरळात प्रेक्षकांची वाण कधीच नव्हती. तरी १९९७ मध्ये ड्युरँड चषक जिंकून गाजलेला एफ. सी. कोचीन काही वर्षांत पैशावाचून बंद पडला. थैलीला तुच्छ लेखून चालणार नाही. प्रश्न एवढाच की, थैलीने माती शोधावी, की मातीने थैलीची वाट पाहत बसावे.

जेथे माती पाहिली गेली नाही, तेथे काय झाले ते आता पाहू. दिल्लीचा संघ २०१९ साली भुवनेश्वरला गेला. पुण्याचा संघ त्याच वर्षी विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादचा नवा संघ पहिल्या हंगामात शेवटचा आला, पण २० मार्च २०२२ रोजी गोव्यात त्याने अंतिम सामना जिंकला. रहीमसाहेबांच्या शहराला पुन्हा एकदा देशाचे विजेतेपद मिळाले. दोन वर्षांत तो संघ आर्थिक अडचणीत सापडून तळाशी गेला आणि २०२५ मध्ये त्याचीही बदली झाली, ती दिल्लीला. पुणे, हैदराबाद, दिल्ली: सहा वर्षांत एका जागेची तीन ठाणी! आपल्यातील एखाद्या सहायकाच्या सेवापुस्तकात शोभावी अशी ही नोंद आहे. मध्यंतरी २०२३ मध्ये आय-लीग जिंकून बढतीने वर आलेला पंजाबचा संघ आपले घरचे सामने दिल्लीत खेळत होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आमच्या कचेरीत एकदा चहाच्या वेळी हा विषय निघाला असता एका बंगाली सहकाऱ्यांनी मला विचारले, “तुमच्या पुण्याचा संघ गेला, तेव्हा पुण्यात कोणी रस्त्यावर आले का हो?” मला उत्तर देता आले नाही. पाच हंगाम बालेवाडीला सामने झाले, एकदा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला, काही निष्ठावंत तरुण शेवटपर्यंत घोषणा देत राहिले. पण शहराच्या अंगावरून ती गोष्ट निघून गेली. उलट, २०२० मध्ये मोहन बागान दुसऱ्या संघात विलीन होऊन त्याच्या नावामागे तीन परकी अक्षरे लागली, तेव्हा क्लबाचे भक्त तीन वर्षे स्वस्थ बसले नाहीत. २०२३ मध्ये ती अक्षरे काढल्यावरच ते शांत झाले. संघ जाणे दूरच, नावाला नुसता धक्का लागला तरी ज्या शहराला लागते, ते शहर संघाचे खरे धनी.

माझ्या मते शहराची पात्रता ठरविण्याची कसोटी हीच असावी. संघ आला तर किती लोक येतील, हे सर्वच विचारतात. संघ गेला तर कोण अडवील, हे कोणी विचारत नाही. ज्या शहरात याचे उत्तर देणारी माणसे आधीपासून आहेत, तेथे संघ द्यावा; जेथे नाहीत, तेथे प्रथम स्थानिक लीग, शाळांचे सामने आणि मोकळे मैदान द्यावे, आणि वाट पाहावी.

ही कसोटी लावली तर यादी कशी दिसेल? ऐझॉल सर्वांत वर येईल. तेथे २०१२ पासून राज्याची स्वतःची लीग चालते आणि डोंगरउतारावरच्या त्या शहरात सपाट मैदान मिळणे हीच मुळात कमाई असते. दुसरे नाव इंफाळचे. २०२३ च्या अशांततेनंतर तेथील दोन्ही क्लबांना घरचे सामने परप्रांतात खेळावे लागले, तेव्हा इंफाळला संघ देणे म्हणजे आधी त्याला त्याचे घर परत देणे होय. तिसरे नाव मलबारचे. कोझिकोडचा गोकुळम क्लब २०२१ आणि २०२२ असा लागोपाठ दोनदा आय-लीगचा विजेता झाला, आणि मलप्पुरम जिल्ह्यातील सात-सात खेळाडूंच्या सामन्यांना जी गर्दी लोटते, तिची बरोबरी करणे महानगरांनाही कठीण जाते.

चौथे नाव घेताना मला संकोच वाटतो, कारण त्यात स्वप्रांताभिमानाचा आरोप येईल. ते नाव कोल्हापूरचे. परंतु वर सांगितलेल्या कसोटीला ते उतरते, असे मी निश्चयाने म्हणतो. तेथे फुटबॉल खेळतात त्या तालमी: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. कुस्तीच्या हौद्यातून उठून ही मंडळे चेंडूच्या मागे कशी लागली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला, म्हणजे त्या दिवशी शहरात दुसरा विषय नसतो. ती ईर्ष्या कधी कधी मैदान सोडून रस्त्यावर येते, हा तिचा दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण कोणी पेठेचा संघ उचलून परगावी नेऊ म्हणेल, तर कोल्हापुरात त्याला कोण अडवील, हा प्रश्नच विचारावा लागत नाही. सतरा वर्षांखालील विश्वचषकातला अनिकेत जाधव याच मातीतला. त्याचीही वाट गाव सोडूनच वर गेली, जशी बलरामची गेली होती.

तरीही कोल्हापूरला संघ निविदेने मिळावा, असे मी म्हणणार नाही. थेट नेमणुकीने पुण्याला काय लाभले ते आपण पाहिले. कोल्हापूरने खालच्या पायरीवरून खेळत यावे आणि त्याच शिडीवर ऐझॉलशी गाठ पडली, तर हरण्याचीही तयारी ठेवावी. आशियाई महासंघाच्या मार्गदर्शनाखाली २०१९ मध्ये आखलेल्या योजनेने वर जाण्याचा रस्ता खुला केला. पंजाब आणि मोहमेडन त्याच रस्त्याने आले. खाली येण्याचा रस्ता मात्र २०२४-२५ च्या हंगामापर्यंत कोणालाही चालावा लागला नव्हता. बढती आहे आणि पदावनती नाही, अशा खात्याची अवस्था काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगणे शोभणार नाही.

२०२५ च्या जुलैत लीगचा व्यापारी करार संपत आल्यामुळे सारा हंगामच अनिश्चित झाला आणि मोठमोठ्या क्लबांनी हात आखडते घेतले. कलकत्त्याची लीग मात्र त्या पावसाळ्यातही खेळली जात होती. ज्यांच्या खेळाला वरून आलेल्या हुकमाची गरज नाही, त्या शहरांची एक यादी कोणीतरी करावी. पुढचे संघ कोठे द्यावेत, हे तिच्यावरून आपोआप कळेल.